चार मात्रा उशीर : एका कॉन्ट्रा नाचाचं प्रकरण

कॉन्ट्रा नाचात हॉल बिघडू लागला की ते आधी कानाला कळतं, डोळ्यांना नंतर. साठ-सत्तर माणसं लाकडी जमिनीवर बरोबरीनं पाय टाकतात तेव्हा एकच आवाज यायला हवा. त्याऐवजी दोन-तीन विखुरलेले आवाज येऊ लागले की समजावं, माणसं धुनेपासून सुटली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावच्या सभागृहात, शनिवारच्या नाचाला असंच झालं. नाच पुकारणारी, म्हणजे पुढची हालचाल कोणती ते मोठ्यानं सांगणारी कॉलर नवी होती, बँड अनुभवी होता आणि निम्मा हॉल नवख्यांनी भरलेला होता. मी स्टेजशेजारी बसून कॉलरसाठी टिपणं काढत होतो. नव्या कॉलरसोबत त्या गटात असं कोणीतरी बसतंच. त्या टिपणांवरून हे प्रकरण मांडतो आहे, कारण त्यात चूक जिथं दिसत होती तिथं ती नव्हतीच.

आधी थोडी ओळख. कॉन्ट्रा हा अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागाचा सामूहिक नाच. त्याचं मूळ इंग्लंडमधल्या रांगांच्या नाचांत आहे. जॉन प्लेफर्डनं १६५१ मध्ये लंडनला छापलेल्या संग्रहापासून त्या नाचांचा लेखी माग लागतो. वसाहतींबरोबर ते समुद्रापार आले. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या धुना त्यांत मिसळल्या, पुढे सीमेपलीकडच्या क्वेबेकच्याही आल्या. शहरांनी हे नाच टाकून दिले तेव्हा न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँटच्या गावांनी ते धरून ठेवले. राल्फ पेज (१९०३–१९८५) यांच्यासारख्या कॉलरनी ते पुढच्या पिढीच्या हाती दिले, आणि १९६०–७० च्या दशकांत डडली लॉफमन यांच्याभोवती जमलेल्या तरुणांमुळे त्यांना पुन्हा बहर आला. आज अमेरिकेत जागोजागी कॉन्ट्रा चालतो. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी एकदा जरूर जावं. जोडीदार घेऊन जावा लागत नाही, बहुतेक ठिकाणी सुरुवातीला नवख्यांसाठी थोडी शिकवणी असते, आणि दर नाचाला जोडीदार बदलायचा असल्यामुळे कोणी एकटं पडत नाही.

रचना अशी : दोन लांब रांगा समोरासमोर (या जोडरांगेलाच पुढे मी ‘रांग’ म्हणतो; हॉलमध्ये अशा एकाहून जास्त असू शकतात). त्यांतून चार-चार माणसांचे, म्हणजे दोन-दोन जोड्यांचे गट पडतात. प्रत्येक जोडीत एक लार्क आणि एक रॉबिन. पूर्वीच्या ‘जेंट’ आणि ‘लेडी’च्या जागी अलीकडे बऱ्याच ठिकाणी ही पक्ष्यांची नावं आली, कारण कोणतीही भूमिका कोणीही नाचतं. चौघांनी एक आवर्तन पुरं केलं की एक जोडी रांगेत एक पायरी खाली, म्हणजे स्टेजपासून दूर सरकते, दुसरी एक पायरी वर, स्टेजकडे. मग नवे शेजारी (गटातली दुसरी जोडी म्हणजे शेजारी) आणि पुन्हा तेच आवर्तन. रांगेच्या टोकाला पोचलेली जोडी एक आवर्तन बाहेर थांबते आणि उलट दिशेनं परत आत येते.

धून ३२ बारची असते. दर बारमध्ये दोन मात्रा, म्हणजे एकूण ६४. तिचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो, त्यामुळे १६ मात्रांचे चार तुकडे पडतात : ए-१, ए-२, बी-१, बी-२. प्रत्येक तुकड्याच्या पोटात आठ-आठ मात्रांची दोन वाक्यं. नाचातल्या बहुतेक हालचालीही आठ मात्रांच्या मापानं बेतलेल्या असतात. मिनिटाला साधारण ११५ मात्रांची चाल धरली तर एक आवर्तन ३३ सेकंदांत संपतं, आणि एक नाच नऊ-दहा मिनिटं चालतो. म्हणजे तेच ६४ मात्रांचं चक्र सोळा ते अठरा वेळा फिरतं. पहिली काही आवर्तनं कॉलर सगळं पुकारते, मग शब्द कमी करत नेते आणि शेवटी गप्प राहते. हॉल नुसत्या धुनेवर नाचू लागला तर कॉलरचं काम नीट झालं.

पुकार केव्हा द्यायची हा या कामाचा गाभा आहे. हालचाल ज्या मात्रेवर सुरू व्हायची त्या मात्रेवर शब्द उच्चारला तर उशीर झालाच. ऐकणाऱ्याला तो समजून पाय उचलेपर्यंत दोन मात्रा निघून जातात. शब्द आधीच्या वाक्याच्या शेवटच्या दोन ते चार मात्रांत पुरा व्हावा लागतो. ख्यालात मुखडा समेच्या आधी उचलला जातो आणि ऐकणाऱ्याला समेवर आणून सोडतो, तसं पुकारीनं नाचणाऱ्याला वाक्याच्या पहिल्या मात्रेवर आणून सोडायचं असतं.

कार्डावरचा नाच

कॉलर आपले नाच छोट्या कार्डांवर लिहून ठेवतात. त्या संध्याकाळी पूर्वार्धात घेतलेल्या एका नाचाचं कार्ड असं होतं :

ए-१ : शेजाऱ्याबरोबर बॅलन्स (४), स्विंग (१२)
ए-२ : चौघांचं वर्तुळ डावीकडे पाऊण फेरा (८), जोडीदाराबरोबर डो-सी-डो (८)
बी-१ : जोडीदाराबरोबर बॅलन्स (४), स्विंग (१२)
बी-२ : रॉबिन्सची चेन (८), डाव्या हाताचा स्टार एक फेरा (८)

या घाटाचा नाच न्यू इंग्लंडमध्ये नवख्यांसाठी नेहमी घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. बॅलन्स म्हणजे हात धरून एकमेकांकडे एक पाऊल, मग मागे एक पाऊल. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पाय जोरात पडतो. स्विंग म्हणजे जोडीनं जागच्या जागी गरगर फिरणं. डो-सी-डोत दोघं एकमेकांभोवती पाठीला पाठ करून फिरतात. चेनमध्ये दोन रॉबिन्स उजवा हात मिळवून मधून पलीकडे जातात आणि तिकडचा लार्क त्यांना वळवून जागेवर घेतो. स्टारमध्ये चौघं डावे हात मध्ये घालून एक फेरा चालतात, आणि फेरा संपतो तिथं समोर नवा शेजारी उभा असतो. त्याच्याशी पुन्हा बॅलन्स.

या कार्डात मला भावतं ते हे की दोन्ही बॅलन्स धुनेच्या मोठ्या सांध्यांवर बसतात : एक अगदी पहिल्या मात्रेवर, दुसरा जिथं धून ए-कडून बी-कडे वळते तिथं. गाठभेटीच्या दोन जागा आणि धुनेची दोन दारं एकच आहेत. पण हेच त्या संध्याकाळी अडचणीचंही ठरलं. बॅलन्स चुकला की लपत नाही.

काय झालं

संगीताविना सावकाश चालून दाखवण्याचा भाग बरा झाला. फिडलवाल्या (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) आजोबांनी चालीचे सुरुवातीचे चार खडे ठोके वाजवले, ज्यांना तिकडे ‘चार बटाटे’ म्हणतात, आणि नाच सुरू झाला. पहिलं आवर्तन ठीक. दुसऱ्यात स्टेजजवळचे अनुभवी लोक वेळेवर होते, पण रांगेच्या तळाकडे ए-१ चा बॅलन्स दोन मात्रा मागे पडला. चौथ्या आवर्तनापर्यंत तिथं चार मात्रांचा उशीर झाला होता. स्टेजकडची माणसं बॅलन्स संपवून स्विंगला लागत तेव्हा तळाचे लोक पाय आपटत. मधल्यांना काय करावं ते कळेना. ते कधी वरच्यांबरोबर जात, कधी खालच्यांबरोबर.

चार मात्रा म्हणजे घड्याळाची जेमतेम दोन सेकंदं. पण कॉन्ट्रात उशीर संसर्गासारखा पसरतो. एक जोडी खाली जाते आणि दुसरी वर येते, त्यामुळे उशिरा सुटलेल्या चौकडीतली एक जोडी वरच्या गटाला थांबवते, दुसरी खालच्या गटाला. पुढच्या आवर्तनात ते दोन गट आणखी दोघांना थांबवतात. तळाशी लागलेला उशीर पाच-सहा आवर्तनांत रांगेच्या मध्यापर्यंत चढून आला तो असा.

कॉलरनं काय केलं? तळाकडच्या मंडळींना सांभाळून घेतलं. तिची नजर मागे पडलेल्यांवर होती आणि ते स्टारमधून बाहेर पडताना दिसले की ती ‘बॅलन्स’ म्हणत होती. तिचा हेतू चांगला होता. पण त्यामुळे पुकार धुनेच्या पहिल्या मात्रेच्या आधी यायची ती घसरून तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर गेली, आणि जे वेळेवर होते तेही थबकले. आता हॉलमध्ये दोन घड्याळं चालू होती, एक फिडलचं आणि एक कॉलरचं. सातव्या आवर्तनानंतर तिनं बँडला खूण करून नाच आवरता घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी रागावलं नाही. कॉन्ट्राची मंडळी मोठी समजूतदार असतात. तिचा चेहरा मात्र पडला होता.

उशीर कुठून आला

कोणालाही विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, ‘स्टार लांबला.’ दिसत होतं तसंच. नवखी माणसं स्टारमध्ये रमतगमत चालत होती आणि फेरा पुरा व्हायच्या आत पहिली मात्रा निघून जात होती. मीही टिपणात आधी तेच लिहिलं. मग तळाकडच्या एकाच चौकडीवर नजर ठेवून दोन आवर्तनं मोजली. त्यांचा स्टार नऊ मात्रांचा होता, फार तर एक मात्रा जास्त. पण तो सुरूच तीन मात्रा उशिरा होत होता. त्याआधीची चेनही तीन मात्रा उशिरा सुरू होत होती. आणि तिच्याआधी होता जोडीदाराबरोबरचा स्विंग.

उशीर तिथं होता. स्विंगमध्ये माणूस सुखात असतो, त्याला सोडावंसं वाटत नाही. बारा मात्रांचा स्विंग बाराव्या मात्रेपर्यंत फिरत राहिला, मग दोघं सुटले, मग कोण कुठल्या बाजूला उभं राहायचं ते पाहिलं, मग रॉबिननं समोरचीचा हात शोधला. एवढ्यात तीन मात्रा गेल्या.

मग प्रश्न उरतो की ए-१ मधला शेजाऱ्याबरोबरचा स्विंगही बाराच मात्रांचा होता, तिथं असा उशीर का दिसला नाही? लोक तिथंही उशिरा सुटत होते. पण त्यानंतर वर्तुळ आणि डो-सी-डो होतं. वर्तुळाला फक्त हात पुढे करायचे, आणि डो-सी-डो मोठं काढा की लहान, ते रबरासारखं ताणता-आवळता येतं. उशीर तिथं जिरत होता आणि बी-१ चा बॅलन्स बहुतेकांचा वेळेवर पडत होता. बी-२ मध्ये मात्र चेन आणि स्टार या दोन्ही ताठ हालचाली, दोघींना आपल्या आठ-आठ मात्रा पुरत्या लागतात. तिथं शिरलेला उशीर मुरायला जागाच नव्हती; तो थेट पुढच्या आवर्तनाच्या बॅलन्सवर जाऊन आदळत होता. कार्ड वाचताना कॉलरनं हे पाहायला हवं की कोणत्या हालचाली उशीर गिळतात आणि कोणत्या तसाच पुढे ढकलतात. मात्रांची बेरीज ६४ आली म्हणून काम संपत नाही.

दुसरं कारण पुकारीत होतं. चेनसाठी ती ‘आता रॉबिन्स, उजवा हात द्या आणि पलीकडे चेन’ असं भलं मोठं वाक्य वापरत होती आणि ते बी-१ च्या पंधराव्या मात्रेला सुरू होत होतं. म्हणजे वाक्य संपेपर्यंत चेनच्या तीन मात्रा उलटलेल्या. नाचणाऱ्यांचा आणि पुकारीचा उशीर एकमेकांना पोसत होते.

तिसरं कारण धून, आणि मला वाटतं याकडे नवे कॉलर सर्वांत कमी लक्ष देतात. बँडनं निवडलेली रील (धुनेचा एक वेगवान प्रकार) देखणी होती : मात्रेला चार-चार स्वर, कुठंही खंड नाही, ओघ असा की ऐकत राहावं. पण तिचा बी-भाग संपतो आणि ए-भाग पुन्हा सुरू होतो तो सांधा जवळजवळ ऐकू येत नव्हता. शेवटच्या बारमध्येही स्वर धावतच होते आणि पहिल्या मात्रेवर ठळक असं काही नव्हतं. अनुभवी नाचणाऱ्याला तेवढं पुरतं, तो सुरावटीवरून जागा ओळखतो. नवख्याला आवर्तन कुठं सुरू झालं ते त्या धुनेनं सांगितलंच नाही. मग तो कॉलरवर विसंबला, आणि कॉलर तर त्याच्याकडे बघून पुकारत होती.

जुन्या काळी हा प्रश्न इतका टोकदार नव्हता. त्या वेळच्या अनेक नाचांची धून ठरलेली असे आणि नाच व धून यांचं नावही एकच असे. ‘पेट्रोनेला’चं उदाहरण घ्या, स्कॉटलंडहून आलेला, एकोणिसाव्या शतकातला. त्यात चार मात्रांचा बॅलन्स आणि चार मात्रांत वळून शेजारच्या जागी जाणं, आणि हे चार वेळा. म्हणजे ३२ मात्रा, धुनेचा पूर्ण ए-भाग, पुनरावृत्तीसकट. ती धून ऐकली की पायांना बॅलन्सची जागा आपोआप कळते. पुढे न्यू इंग्लंडच्या नाचणाऱ्यांनी वळण्याच्या शेवटी दोन टाळ्याही घातल्या आणि त्या अशा बसल्या की जणू धुनेतच होत्या. ‘कोरस जिग’, ‘मनी मस्क’, ‘हल्स व्हिक्टरी’, सगळ्यांची गोष्ट हीच. नाच विसरला तरी धून आठवण करून देई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवे नाच शेकड्यांनी रचले गेले आणि त्यांची गाठ ठरावीक धुनेशी राहिली नाही. आता बँड दोन-तीन धुना एकापाठोपाठ जोडून वाजवतो. त्यातून विविधता आली, बँडला मोकळीक मिळाली, आणि मला ते मनापासून आवडतं. पण नाच आणि धून जुळवण्याचं जे काम पूर्वी परंपरेनं करून ठेवलेलं असे, ते आता दर शनिवारी कॉलरनं आणि बँडनं नव्यानं करायचं असतं. त्या संध्याकाळी ते कोणी केलं नव्हतं. कॉलरनं बँडला एवढंच सांगितलं होतं, ‘एखादी छान रील चालेल.’

मधल्या सुट्टीत

सुट्टीत लिंबूपाणी आणि बिस्किटांच्या टेबलाशी कॉलर, फिडलवाले आजोबा, पियानोवर बसणाऱ्या बाई आणि मी असे चौघं बोललो. मी मोजलेल्या मात्रा सांगितल्या. आजोबांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार मोलाची वाटली : नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून पुकारलंस तर तू त्यांच्या मागे जाशील, तू माझ्या गजाकडे बघ, मी कधी उशीर करत नाही. फिडलचा गज वाक्याच्या शेवटी कसा आवरतो आणि पुढच्यासाठी कसा उचलला जातो, हे त्यांनी वाद्य हातात घेऊन दाखवलं. कॉलरनं पाठ हॉलकडे करावी असं नाही. पण पुकारीची वेळ ऐकूनच ठरली पाहिजे. डोळ्यांनी फक्त कोणाला काय अडतंय ते शोधायचं.

मग ठरलं की उत्तरार्धात तोच नाच पुन्हा घ्यायचा. एका संध्याकाळी एकच नाच दोनदा सहसा घेत नाहीत, आणि तिला ते अवघड वाटत होतं. हॉलला सरळ सांग, असं मी सुचवलं. तिनं सांगितलं, ‘हा नाच मला तुमच्याबरोबर नीट नाचून बघायचाय,’ आणि हॉलनं हसून मान्य केलं.

बदल चार ठरले. पहिला शिकवण्यात. हालचाली पुन्हा समजावून सांगण्याऐवजी तिनं सगळ्यांना नव्या शेजाऱ्यासमोर हात धरून उभं केलं आणि आजोबांना बी-२ च्या शेवटच्या आठ मात्रा व ए-१ च्या पहिल्या चार एवढंच वाजवायला लावलं. लोकांनी फक्त ऐकायचं. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा ए-१ च्या पहिल्या मात्रेवर पाय टाकायचा. तिसऱ्यांदा पूर्ण बॅलन्स. मिनिटभराचं काम, पण त्या मिनिटात नवख्यांना कळलं की धून त्यांना बोलावते आहे. न्यू इंग्लंडमध्ये शिकवणीचा वेळ पायांवर खर्च होतो, कानांवर फार थोडा. तो वाढायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा बदल पुकारीत. चेनचं लांब वाक्य गेलं. बी-१ च्या तेराव्या मात्रेला नुसतं ‘समोर बघा’, पंधराव्याला ‘चेन’. पहिल्या दोन शब्दांचं काम एकच होतं, स्विंग उघडवणं. स्टारच्या पाचव्या मात्रेला ‘नवा शेजारी’, सातव्याला ‘बॅलन्स’. स्टारविषयी एक शब्दही नाही; तो कसा करायचा ते सगळ्यांना आलं होतं.

तिसरा बदल मागे पडलेल्यांसाठी. तिनं सगळ्यांना बजावलं, ‘स्टार पुरा झाला नाही तरी चालेल, बॅलन्स चुकवू नका. हात सोडा, नवा शेजारी गाठा.’ कॉन्ट्रातला हा फार उपयोगी सल्ला आहे आणि तो नवख्यांना क्वचितच कोणी देतं. प्रत्येक हालचाल पूर्ण केलीच पाहिजे असं त्यांना वाटतं, आणि त्या प्रामाणिकपणापायी ते मागे पडत जातात. कुठं काटछाट चालते आणि कुठं चालत नाही, हे सांगितलं की त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

चौथा बदल धुनेचा. आजोबांनी रील बाजूला ठेवून मार्चच्या वळणाची एक जिग काढली. जिगमध्ये मात्रेला तीन स्वर, चाल उसळती; आणि हिचा ए-भाग दोन लांब स्वरांनी उघडत होता, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, नेमके जिथं बॅलन्सचे पाय पडतात तिथं. पियानोवाल्या बाईंनी त्यावर आणखी एक गोष्ट केली, ती ठरवताना कोणी बोललं नव्हतं. ए-१ च्या त्या चार मात्रांत त्यांनी डाव्या हाताची नेहमीची चाल थांबवली, दोन्ही हातांनी दोन भरघोस स्वरमेळ दिले आणि मध्ये जागा मोकळी सोडली. त्या मोकळ्या जागेत हॉलचे पाय ऐकू आले.

उत्तरार्ध

दुसऱ्या आवर्तनालाच बॅलन्स एकजीव झाला. तळाच्या दोन चौकड्या अजून अर्धी-एक मात्रा मागे होत्या, पण त्या स्टार अर्ध्यात सोडून वेळ गाठत होत्या आणि उशीर वर चढत नव्हता. पाचव्या आवर्तनापासून कॉलरनं ‘चेन’ आणि ‘बॅलन्स’ एवढंच ठेवलं. आठव्यापासून ती गप्प.

पुढचा भाग माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा. नवव्या-दहाव्या आवर्तनाच्या सुमारास बँडनं सवयीनं धून बदलली आणि जिगवरून एका वाहत्या रीलवर उडी घेतली. अशा बदलानं हॉल नेहमी खुलतो, लोक आरोळ्या देतात, तशा दिल्याही. पण पुढच्याच आवर्तनात बॅलन्सचा आवाज विस्कटला. कॉलरनं गजाकडे बघत दोन आवर्तनं नुसता ‘बॅलन्स’ शब्द परत आणला, सातव्या मात्रेला. पियानोवाल्या बाईंनी रीलमध्येही ते दोन स्वरमेळ दिले. हॉल पुन्हा जुळला आणि शेवटपर्यंत जुळलेला राहिला.

आता यातलं किती श्रेय कशाला? लोक तोच नाच दुसऱ्यांदा नाचत होते, त्यामुळे सवयीचा वाटा नक्कीच मोठा आहे. सुट्टीत काही नवखी मंडळी घरी गेली होती, रांग थोडी आखूड झाली होती. त्याचाही फायदा मिळाला. नुसत्या पूर्वार्ध-उत्तरार्धाच्या तुलनेवरून मी धुनेला श्रेय दिलं नसतं. पण सवय झालेल्या, वेळ पाळणाऱ्या त्याच हॉलमध्ये, फक्त धून बदलल्यावर बॅलन्स विस्कटला आणि एका शब्दानं व दोन स्वरमेळांनी सावरला, ही गोष्ट सवयीनं समजावता येत नाही. धुनेचा आकार आणि पुकारीची वेळ यांचं खरं वजन तिथं दिसलं. चेनची पुकार लवकर दिल्याचा परिणामही मी मोजला : ज्या चौकडीची चेन पूर्वार्धात तीन मात्रा उशिरा सुरू होत होती, तिच्या जागी तळाशी असलेल्या चौकड्या उत्तरार्धात फार तर एक मात्रा मागे होत्या.

एका आक्षेपाचा इथं विचार करायला हवा, कारण तो जाणकारांकडून येतो. अनेक चांगले नाचणारे म्हणतात की वाक्याच्या पहिल्या मात्रेला इतकं चिकटून राहिलं तर नाच कवायतीसारखा होतो. एक हालचाल दुसरीत विरघळत जाणं यातच आजच्या कॉन्ट्राचं सौंदर्य आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण एका अटीवर. वाक्य कुठं सुरू होतं हे सगळ्या हॉलला कळत असेल, तर त्यावरून वाहत जाण्यात मजा आहे. कळत नसेल तर तो ओघ राहत नाही, नुसता गोंधळ उरतो. आणि बॅलन्सला मात्र ही सूट नाही. त्याचं सगळं सुखच साठ माणसांनी एका क्षणी पाय टाकण्यात आहे. म्हणून स्विंग, डो-सी-डो, चेन यांच्या कडा सैल सोडाव्यात, पण बॅलन्सची जागा कॉलरनं जिवापाड जपावी.

बँडशी बोलण्याबद्दलही थोडं. कॉलरनं धुनांची नावं सांगण्याची गरज नसते, आणि तिला ती ठाऊक नसली तरी बिघडत नाही. ‘ए-१ आणि बी-१ च्या पहिल्या मात्रेला बॅलन्स आहे, तिथं ठोसा हवा, बाकी काही बंधन नाही’ एवढं सांगितलं तर चांगला फिडलवादक बरोबर धून काढतो. सलग वाहणाऱ्या हालचालींचा, बॅलन्स नसलेला नाच असेल तर तसं सांगावं, तिथं तीच धावती रील शोभून दिसते. क्वेबेकच्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काही सुंदर धुनांत एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते. तिकडे त्यांना वाकड्या धुना म्हणतात. ऐकायला त्या अप्रतिम, पण ६४ च्या हिशोबात बसत नाहीत, म्हणून बँड त्या कॉन्ट्रासाठी घेत नाही किंवा सरळ करून घेतो. हे बँडला ठाऊक असतंच; कॉलरनं आपल्या नाचाचा आकार तेवढा त्यांच्यापुढे ठेवायचा.

त्या संध्याकाळनंतर कॉलरनं आपली कार्डं पुन्हा लिहिली. प्रत्येक कार्डावर आता हालचालीच्या शेजारी पुकारीची मात्रा लिहिलेली असते, आणि कोपऱ्यात धुनेसाठी दोन शब्द : ‘ठोस ए’, ‘वाहती’, ‘उसळती जिग’. नाचाच्या दोन-तीन दिवस आधी ती कार्डांची यादी बँडला पाठवते.

एक प्रश्न मात्र तसाच राहिला. रांगेच्या तळाशी एक आवर्तन थांबून परत आत येणाऱ्या जोड्या उत्तरार्धातही अडखळत होत्या. बाहेर थांबलेली माणसं गप्पा मारतात, जागा बदलायला विसरतात आणि नेमकी पहिल्या मात्रेला दचकून आत शिरतात. त्यांच्या कानावर धून नसतेच. पुकारीनं हे सुटत नाही, कारण पुकार आतल्यांसाठी असते. पुढच्या नाचाला तिनं जाणत्या जोड्यांना रांगेच्या तळाशी उभं राहण्याची विनंती केली. काहींनी मानली. बाकीचे नेहमीप्रमाणे स्टेजजवळच राहिले, कारण बँडचा आवाज तिथं सर्वांत छान लागतो. ज्या रांगेच्या तळाशी दोन जाणत्या जोड्या होत्या ती रांग त्या रात्री शेवटपर्यंत वेळेवर राहिली, आणि शेजारच्या रांगेत तळाचा उशीर पुन्हा वर चढला. आता ती ही विनंती नाच सुरू होण्याआधी, रांगा लागत असतानाच, स्वतः खाली उतरून करते.